बेलापूरच्या गिरणीत घनसाळ

हॉटेलात उतरायला जाताना वानवळा घेऊन जाणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. घरातले अजून हसतात, आणि गोष्ट हसण्यासारखीच आहे. पण त्या गुरुवारी सकाळी आठपासून दुपारपर्यंत माझं काय झालं होतं ते हसणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी कामाचं सांगते. आजऱ्याजवळच्या आमच्या गावात आम्हा तेवीस बायकांचा गट आहे. आम्ही घनसाळ तांदूळ पिकवतो, निवडतो आणि पाकिटात भरतो. घनसाळचा दाणा आखूड, दिसायला साधा. पण चुलीवर चढला की शेजारणीला न सांगता कळतं. आजवर आम्ही तो प्रदर्शनांत विकला आणि उरलेला व्यापाऱ्याला त्याच्या मर्जीप्रमाणे दिला. यंदा मात्र शहरात बरीच दुकानं असलेल्या एका कंपनीनं बोलावलं. ऑफिस नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला. निरोप असा, की यंदाच्या नव्या तांदळाची, एकाच लॉटची सहा सीलबंद पाकिटं घेऊन गुरुवारी साडेअकराला या. मी गटात सांगून बसले होते, "थांबा, व्यापाऱ्याला देऊ नका." माझ्या शब्दावर बायकांनी भात घरात ठेवला होता. काम झालं नसतं तर त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहणार होते?

गिरण

राहायला त्या ऑफिसच्याच लोकांनी दोन-तीन जागा कळवल्या होत्या. त्यातल्या एकीपुढे लिहिलं होतं, ‘जुनी भातगिरणी, आता हॉटेल’. मी फोन केला तर एक वयस्कर बाई बोलल्या. खोलीचं सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "मासं खाता ना?" एवढ्यावर मी तिथंच उतरायचं ठरवलं.

आता एवढ्या आपुलकीनं बोलणाऱ्या बाईकडे हात हलवत कसं जायचं? पाहुणीनं रिकाम्या हातानं उंबरा ओलांडू नये हे आमच्या आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. हॉटेलाच्या उंबऱ्याला हा नियम लागू नाही, हे तिनं सांगितलं नव्हतं. मी काजू आणि गुळाची ढेप एका पिशवीत भरली. दुसऱ्या पिशवीत पाकिटं. सहा मागितलेली आणि दोन जास्तीची, अशी आठ. दोन्ही पिशव्या गटानंच शिवलेल्या, एकाच कापडाच्या. शहाण्याला इथंच पुढचं कळेल.

बुधवारी चारच्या सुमारास बेलापूर गावात पोचले. सीबीडीतल्या काचेच्या इमारतींपासून रिक्षानं दहा मिनिटं, पण गल्लीत वळलं की भोवतीचं सगळंच बदलतं. घरांना चिकटून घरं, दारात सुकत घातलेली जाळी, चार मजली बंगल्याच्या पायरीवर कोळंबी सोलत बसलेली बाई. गल्लीच्या टोकाला गिरण. उंच कौलारू छप्पर, सागाच्या तुळया, हाताएवढ्या जाड भिंती. भात ओतायचा लाकडी चाडा अजून वरून लोंबतो, आता त्यात दिवा बसवलाय. पोती तोलायचा लोखंडी काटा दाराशी आहे आणि त्यावर पाहुण्यांच्या बॅगा ठेवतात. खोल्या नऊ. प्रत्येकीत टेबल, इस्त्री, इंटरनेट. उतरणारे सगळे कामाचे लोक: कोणी बडोद्याचा पंपवाला, कोणी पुण्याचा हिशेबतपासनीस. माझ्या खोलीतला पलंग इतका उंच की चढायला मला खुर्ची लागली. नळ मात्र असा नवीन तऱ्हेचा, की तोंड धुवायला गेले आणि डोक्यावरून पाणी आलं.

फोनवरच्या बाई म्हणजे हिराकाकी. पासष्टीच्या, गोल चेहऱ्याच्या, नऊवारीतल्या. गिरण त्यांच्या सासऱ्यांची. हिशेब, बुकिंग, कॉम्प्युटर हे सगळं त्यांची सून स्नेहल बघते, आणि कोणी उपाशी झोपू नये हे हिराकाकी बघतात.

"या ताय, या. पानी घ्या. चालून आलाव का रिक्षानं?"

मी पाणी प्यायले, हातातली पिशवी पुढे केली आणि म्हटलं, "गावाकडचा थोडा वानवळा आहे. घरात ठेवा."

त्यांनी पिशवीत डोकावलं. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली. मला वाटलं, केवढी ही काजूची आवड! बडोद्याचा पंपवाला मोबाइलवरून मान वर करून आम्हा दोघींकडे बघत राहिला.

संध्याकाळी जेवणात निवट्यांचं कालवण होतं. खाडीच्या चिखलात मिळणारा हा बोटाएवढा मासा मी आधी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे तांबड्या रश्शाला जो मान तो इथं या कालवणाला. तिखटपणात कोल्हापूर पुढे आहे हे माझं मत मी गिळून टाकलं, कारण तेव्हा नाकातून पाणी वाहत होतं.

जेवताना हिराकाकी बोलत होत्या. पूर्वी इथं सगळी भातशेती होती. शहर करायचं ठरलं तेव्हा शेतं गेली. शेतं गेल्यावर भात कुठला, आणि भात नाही तर गिरण कशाला? मग कित्येक वर्षं गिरणीत बिल्डरचं सिमेंट पडून होतं. मुलानं ती धुऊनपुसून हॉटेल केली. "लोक म्हन्तात जुनी वास्तू हाय, छान हाय. मला तं दुपारची अजून घरघर आयकू येते," त्या म्हणाल्या आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

वास

सकाळी आंघोळ करून, ठेवणीतली इरकल नेसून खाली आले आणि जिन्यातच थबकले. घनसाळ शिजत होता. या वासाबाबत माझी चूक होणं शक्य नाही. मी त्यातच वाढले. क्षणभर आनंद झाला, की बेलापुरातही आपला तांदूळ मिळतो! मग पायाखालची जमीन सरकली. मी तशीच वर धावले आणि पिशवी उघडली. आत काजू आणि गूळ.

स्वयंपाकघरात हिराकाकी पातेल्यापुढे उभ्या होत्या. चेहरा सणासारखा. मला बघून म्हणाल्या, "ताय, तुमी तं माज्या घरात नवं आनलाव! किती वरसांनी कुनी नवा तांदूल दिला. एक पाकीट आज निवदाला लावलाय."

"आणि बाकीची?"

"बाकीची दिली सात घरांत. नवं काय एकट्यानं खायाचं असतं?"

मी तिथल्याच स्टुलावर बसले. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्या सकाळी कळलं. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा गप्प राहायचं ठरवलं. कपाळाला लावलेली वस्तू परत कशी मागायची? आमच्याकडे दिलेलं परत मागणाऱ्याला काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऑफिसात जाऊन सांगू, पाकिटं प्रवासात फुटली. नाहीतर नंतर पाठवते म्हणू. मग घरोघरी भात राखून बसलेल्या आमच्या बायका डोळ्यांपुढे आल्या आणि मला रडूच फुटलं. पंचेचाळिशीची बाई, इरकल नेसून, परक्या स्वयंपाकघरात!

"काय झायलं? अगो स्नेहल, पानी आन!"

मग सगळं सांगितलं. दोन पिशव्या, साडेअकराची वेळ, गटाचा भात. हिराकाकींनी गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. मला वाटलं, आता यांचा अपमान झाला.

"मला क्षमा करा काकी. दिलेली वस्तू परत मागतेय, मला लाज वाटते."

"लाज कसली?" त्यांनी पदर खोचला. "आमची जमीन गेली ती मागून परत भेटली नाय. ही भेटनारी वस्तू हाय, तं मागाची. चला."

सात घरं

मला वाचवलं ते इथल्या आगरी लोकांच्या एका जुन्या रिवाजानं. शेतं जाऊन इतका काळ लोटला, पण नवं धान्य घरात आलं की ते एक रात्र देवापुढे ठेवायचं, दुसऱ्या दिवशी शिजवायचं, नैवेद्य दाखवायचा आणि मगच तोंडात घालायचं, हे काही सुटलं नाही. म्हणजे पाकिटं रात्रभर देव्हाऱ्यात सुखरूप होती. पण ही ‘दुसरी सकाळ’ उजाडली होती आणि घरोघरी कुकर चढायची वेळ झाली होती.

हिराकाकी पुढे, मी मागे. त्या दारात उभ्या राहून मोठ्यानं सांगायच्या, "अगो, कालचा तांदूल दे परत. पाहुनीचं काम अडलंय." कोणी ‘का’ म्हणून विचारलं नाही. पहिल्या घरातल्या म्हाताऱ्या आजीनं पाकिटावरचं कुंकू पदरानं पुसून दिलं. दुसऱ्या घरात एक बँकेत निघालेली मुलगी खांद्याला पर्स अडकवून देव्हाऱ्यातून पाकीट काढून घेऊन आली. तिसऱ्या, चौथ्या घरात तसंच. चार पाकिटं हातात आली तेव्हा जिवात जीव आला.

पाचव्या घरात शिट्टी झाली होती. घरची बाई माझ्याएवढीच कासावीस. "आता काय करू? कुकर उघडू काय?" तिनं विचारलं. कुकर उघडून काय होणार होतं? पण तिची तयारी होती. सहाव्या घरातलं पाकीट रात्रीच लेकीकडे, पनवेलजवळच्या करंजाड्याला गेलं होतं. तिथं जाऊन साडेअकराच्या आत परत येणं अवघड. सातवं पाकीट खाडीकाठच्या दिवाळे गावात, हिराकाकींच्या मानलेल्या बहिणीकडे, यशवंतीबाईंकडे.

"टेन्शन नका घेऊ ताई," स्नेहल म्हणाली. "दिवाळे काय, पाच मिनिटं. बसा मागे."

आयुष्यात पहिल्यांदा इरकल नेसून स्कूटीवर बसले. दिवाळ्याला खाडीच्या कडेला होड्या लागल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते आणि ताज्या मासळीच्या टोपल्या मांडून बायका ओळीनं बसल्या होत्या. यशवंतीबाई त्यातच. त्यांनी ऐकून घेतलं आणि कमरेची किल्ली चाचपली.

"तांदूल घरात देवाजवल हाय. पन मी उठली तं मासली कोन बगल?"

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. मी स्नेहलकडे. घर दाखवायला यशवंतीबाईंनाच जायला हवं होतं, आणि स्कूटी चालवायला स्नेहलला. मी खाली बसले.

"भाव काय सांगू?" मी विचारलं.

"काय पन नको सांगू. नुसती बस. मांजरावर लक्ष ठेव."

मांजरं तीन होती. गिऱ्हाईक एकच आलं, हाफपँटमधले सीवूड्सचे गृहस्थ. त्यांनी कोळंबी बोटानं दाबली आणि विचारलं, "ताजी आहे ना?" मी छातीठोकपणे "हो" म्हटलं. मग विचारलं, "कुठली, खाडीची की समुद्राची?" मी म्हटलं, "आजऱ्याची." भीतीनं माणसाच्या तोंडातून काय निघेल याचा नेम नाही. त्यांनी माझ्याकडे, माझ्या इरकलीकडे नीट पाहिलं आणि ते पलीकडच्या टोपलीकडे सरकले. तेवढ्यात एका मांजरानं बोंबील पळवलाच. मी त्याच्यामागे दहा पावलं धावले आणि एका पायावर मासळीचं पाणी सांडून परत आले.

पाचवं पाकीट मिळालं. यशवंतीबाईंना मी मांजराचं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "ते रोजचंच हाय. जा, तुजं काम कर."

नववा मजला

साडेअकराला तीन मिनिटं कमी असताना मी त्या ऑफिसच्या थंडगार खोलीत बसले होते. समोर खरेदी बघणाऱ्या मॅडम. बारीक, चष्म्यातल्या, बोलायला मोजून-मापून. मी पाच पाकिटं मांडली. एकाच्या कडेला अजून कुंकवाचा डाग होता. खोलीत मासळीचा वास येत होता आणि तो कुठून येतो हे फक्त मला माहीत होतं.

"पाच आहेत," मॅडम म्हणाल्या.

‘प्रवासात फुटलं’ हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण सात घरं फिरून ती पाकिटं ज्या तऱ्हेनं माझ्या हातात आली होती, त्यानंतर त्यांच्याबद्दल खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. वानवळा, पिशव्या, देव्हारे, मांजरसुद्धा. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे एक पाकीट हॉटेलात शिजलंय. कसा झाला भात?"

मी तो चाखलाच नव्हता.

"त्या बाईंना फोन लावा. स्पीकरवर," मॅडम म्हणाल्या.

लावला. माझ्या मनात एकच धावा, की काकी, दोन बरे शब्द बोला. मॅडमनी थेट विचारलं, "भात कसा आहे?"

"निवद झाला नाय अजून, म्हनून खाल्ला नाय," हिराकाकी म्हणाल्या. "पन शीत दाबून बगितलाय. वासाला याच्यासारका तांदूल मी लग्न होऊन आली तवापासून बगितला नाय. पन नवा हाय बाय. आता भात कराल तं चिकट होईल, मोकला नाय होनार. पेजेला न् खिरीला आता घ्या. जेवनाच्या भाताला सा म्हैने ठेवून मंग विका. नायतर गिऱ्हाईक शिव्या दील."

झालं! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती अशी माझ्याच समोर व्हावी? मी फोन बंद केला आणि टेबलाकडे बघत बसले.

"महिन्यात दहाजण येतात माझ्याकडे," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "सगळ्यांचा माल सर्वोत्तम असतो. चिकट होईल असं आजवर एकानं सांगितलं नाही, आणि मग तक्रारी मी ऐकते. तुमच्याकडे सहा महिने तांदूळ ठेवायला कोरडी जागा आहे?"

"आहे. गटाची कोठी आहे. आम्हीसुद्धा घरी जुनाच खातो."

"मग हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

भीती वाटली म्हणून, असं मी म्हटलं. तेव्हा मात्र त्या हसल्या. एक पाकीट फोडून त्यांनी मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, की थोडा आत्ता, ‘नवा, पेजेचा आणि खिरीचा’ असं पाकिटावर छापून. उरलेला सगळा सहा महिन्यांनी. वरिष्ठांची सही व्हायची होती. चारपर्यंत मेल येईल, तोवर कोणाला कळवू नका, असंही बजावलं.

निवद

गिरणीत परतले तेव्हा दोन वाजून गेले होते. दाराशी हिराकाकी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा सकाळच्या माझ्या चेहऱ्यासारखा झाला होता. आत चौकात गल्लीतल्या तिघी-चौघी बसलेल्या, कुकरवालीही होती.

"मी जास्त बोलली का गो ताय? स्नेहल मला ओरडली. म्हन्ते, आई, तुमी त्यांचं काम बिघडवलात."

मी झालं ते सांगितलं, आणि मेल यायचीय तेही सांगितलं. हिराकाकींनी सकाळचं पातेलं तसंच झाकून ठेवलं होतं. पाहुणीचं काम लटकलेलं असताना निवद कसला दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. ज्यांची पाकिटं परत गेली त्यांचंही नवं याच पातेल्यातून व्हायचं होतं, म्हणून त्याही थांबलेल्या. नवं नाही तर जेवण नाही, हे त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. मी विनवलं, मेल येईल, नाहीतर नाही येणार, तुम्ही जेवा. कोणी हललं नाही. बसून बसून त्यांनी माझ्या गुळाच्या ढेपेचं तोंडभर कौतुक केलं, पण खडा कोणी तोंडात टाकला नाही.

साडेतीनला मोबाइल वाजला. मला चष्मा सापडेना, म्हणून स्नेहलनं मेल वाचली. ‘ऑर्डर मंजूर’ एवढं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. हिराकाकी मटकन पोती तोलायच्या काट्यावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. नैवेद्य दाखवला. भात गार झाला होता आणि चिकटही, काकींनी सांगितला होता अगदी तसा. केळीच्या पानावर मूठमूठ वाढला, वर गूळ.

मी पहिला घास उचलला, तेवढ्यात हिराकाकींनी माझा हात धरला.

"थांब. गावाला फोन केलास काय? तुज्या बायकांना?"

केला नव्हता. कळवू नका म्हटलं होतं, आणि मग या आनंदात विसरलेच. मी घास पानात ठेवून फोन लावला. एका रिंगेत उचलला. मागून कोठीतला गलका ऐकू येत होता. सगळ्या तिथंच जमलेल्या.

"काय झालं गं? बोल की!"

"जेवलासा का?" मी विचारलं.

"न्हाई. तुझं कळल्याबिगर घास उतरतोय व्हय?"

हिराकाकींनी हे ऐकलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

"जेवून घ्या," मी म्हटलं. "मिळाली."